वढूच्या वाटेवरचे स्पॅनिश

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळले, की काही किलोमीटरवर वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे या गावाचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिरूर तालुक्याच्या या कोपऱ्याला आता दुसरीही एक ओळख मिळाली आहे. मुख्य रस्त्याला परत आले की सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांग लागते आणि शिक्रापुरातून फुटणारा रस्ता चाकणला जातो. चाकणच्या पट्ट्यात मोटारींच्या सांगाड्यासाठी पत्र्याचे भाग दाबून काढणारी ‘गेस्टाम्प’ ही स्पॅनिश कंपनी आहे. स्पेनमधल्या बिल्बाओच्या ‘सीआयई ऑटोमोटिव्ह’ने 2013 मध्ये महिंद्रा समूहाच्या सुट्या भागांच्या व्यवसायाशी हात मिळवला. तीच कंपनी आज ‘सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया’ या नावाने ओळखली जाते. भीमेकाठच्या गावातून आयटीआय करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना स्पॅनिश भाषा अशा वाटेने भेटू शकते.

स्पॅनिश ही स्पेनपासून मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत 20 देशांची अधिकृत भाषा आहे. ती मातृभाषा म्हणून बोलणारे लोक 50 कोटींच्या घरात आहेत. ती शिकायची तर सुरुवात कुठून करावी? शिकवण्या ‘ओला’ म्हणजे नमस्कारापासून सुरू होतात आणि क्रियापदांच्या रूपांशी येऊन अडखळतात. मी दुसरी वाट सुचवतो : वस्तू कशाच्या बनतात, त्या पदार्थांच्या नावांपासून सुरुवात करा. लाकूड, लोखंड, काच, कापूस, वीट, चुना. हे शब्द हाताला लागतात, त्यांना क्रियापदाची रूपे चालवावी लागत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे आपल्या भाषेचे जुने नातलग आहेत.

शब्द वर्गवारीने शिकण्याची रीतही आपल्याला परकी नाही. अमरकोश असाच पाठ केला जाई. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशातही शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत. आपणही वर्ग पाडू.

आधी उच्चार

स्पॅनिश उच्चारांत मराठी माणसाचे अर्धे काम जन्मतःच झालेले असते. इंग्रजांना स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ जमवताना कष्ट पडतात, कारण त्यांची जीभ ‘ट’ आणि ‘ड’ यांच्या जवळ जाते. स्पॅनिश ‘त’, ‘द’ दंत्य आहेत, अगदी आपल्यासारखे. प, त, क यांत हवा सोडायची नाही, हेही आपल्याला सांगावे लागत नाही. ‘च’ मात्र चिमणीतला घ्यायचा, चाकातला नव्हे.

पाळायचे नियम थोडे आहेत. रोमन लिपीतला ‘एच’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘जे’चा उच्चार घशातून येणाऱ्या खरखरीत ‘ह’सारखा होतो. जोड ‘एल’चा बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. ‘झेड’चा उच्चार लॅटिन अमेरिकेत ‘स’, तर स्पेनच्या मोठ्या भागात जीभ दातांत धरून केलेल्या ‘थ’सारखा. या लेखात ‘स’ धरला आहे. जोड ‘आर’ आला की ‘र’ थरथरवायचा : येर्रो म्हणजे लोखंड, बार्रो म्हणजे चिखलमाती.

घराचा वर्ग

जुन्या घरापासून सुरुवात करू. दगड म्हणजे पियेद्रा. माती म्हणजे तियेर्रा, भांड्यांची चिकणमाती बार्रो, वाळू आरेना, चुना काल. भाजलेली वीट लाद्रियो आणि उन्हात वाळवलेली कच्ची वीट आदोबे. छपराचे कौल तेहा. लाकूड मादेरा, पण चुलीत घालायचे सरपण लेन्या. आपण इमारतीचे लाकूड आणि जळण यांत जसा फरक करतो, तसाच तो तिथेही होतो. काच बिद्रियो, सिमेंट सेमेन्तो, जिप्सम येसो.

काँक्रीटसाठी दोन शब्द आहेत : स्पेनमध्ये ओर्मिगोन, लॅटिन अमेरिकेत बहुधा कोन्क्रेतो. आपण आरसीसी म्हणतो ते ओर्मिगोन आर्मादो. भिंतीवरच्या चकचकीत रंगीत फरशांना आसुलेहो म्हणतात. पणजीच्या फोन्तैन्यश भागात घरांच्या नावांच्या पाट्या अशाच फरशांवर रंगवलेल्या दिसतात. या शब्दाचा उगम अरबी आहे, निळ्या रंगासाठीच्या स्पॅनिश ‘आसूल’शी त्याचा संबंध नाही.

शाळेचा कोपराही यातच आला. पिसार्रा म्हणजे पाटीचा दगड, आणि वर्गातला फळाही पिसार्राच. खडू म्हणजे तिसा. हा शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून आला; गंमत म्हणजे खुद्द मेक्सिकोत खडूला हिस हा वेगळा शब्द चालतो.

उसाचा वर्ग

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस आहे, साखर कारखाने आहेत. या वर्गात स्पॅनिश आणि मराठी एकमेकींच्या फार जवळ येतात.

ऊस म्हणजे कान्या दे आसूकार, साखरेची कांडी. यातला आसूकार मूळचा आपलाच. संस्कृत शर्करेपासून मराठीत साखर झाली. तीच शर्करा फारसीत शकर आणि अरबीत सुक्कर झाली, आणि अरबांच्या राजवटीत स्पेनला पोहोचल्यावर ‘अस्-सुक्कर’चा आसूकार झाला. मूळ एकच, फक्त तिकडचा प्रवास लांबचा.

उलटा प्रवास केलेला शब्द कारखान्याच्या आवारात सापडतो. रस काढून उरलेल्या चिपाडांच्या भुशाला आपल्याकडे सर्रास ‘बगॅस’ म्हणतात. त्याचे मूळ स्पॅनिश बागासो हे आहे. स्पॅनिशातून तो फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला, आणि सहकारी कारखान्यांच्या ताळेबंदात स्थिरावला. बागासो जाळून वाफ आणि वीज करता येते, त्यापासून कागदही करता येतो, म्हणून तो टाकाऊ समजला जात नाही. मळीला मेलासा म्हणतात. गुळाला कोलंबियात पानेला आणि मेक्सिकोत पिलोन्सियो. ऊस गाळण्याचा चरक म्हणजे त्रापिचे, आणि त्याच शब्दाने सगळे गुऱ्हाळही ओळखले जाते. कोलंबियाच्या डोंगराळ भागात आजही काहिलीत रस आटवून पानेला करतात. शिरूर-दौंडच्या गुळव्याला ते काम पाहून काही समजावून सांगावे लागणार नाही.

कापडाचा वर्ग

कापड म्हणजे तेला. हा शब्द ऐकून तेलाची बाटली आणू नये. तेल म्हणजे आसेइते. सूत किंवा दोरा ईलो, दोरखंड क्वेर्दा. कापूस आल्गोदोन, रेशीम सेदा, जवसाच्या धाग्याचे कापड लीनो, कातडे क्वेरो, ताडपत्रीसारखे जाड कापड लोना. गोणपाटाचा ताग म्हणजे युते; हा शब्द बंगालमधून इंग्रजीमार्गे तिकडे गेला.

लोकर म्हणजे लाना, आणि या शब्दामागे स्पेनचा मोठा इतिहास आहे. मेरिनो ही मऊ लोकरीची मेंढी स्पेनची. 1273 मध्ये राजा दहाव्या आल्फोन्सोने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली आणि कळप ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण हिंडवण्याचे त्यांचे हक्क मान्य केले. मेरिनो मेंढ्या देशाबाहेर नेण्यावर स्पेनने दीर्घकाळ बंदी घातली होती. पावसाळा संपताच कळप घेऊन निघणाऱ्या आपल्या धनगरांना मेस्ताचा कारभार सहज कळला असता. त्यांच्या घोंगडीला स्पॅनिशात मान्ता दे लाना म्हणता येईल, म्हणजे लोकरीचे पांघरूण.

कारखान्याचा वर्ग

आता सणसवाडीत येऊ. धातू म्हणजे मेताल. लोखंड येर्रो, पोलाद आसेरो, तांबे कोब्रे, पितळ लातोन, शिसे प्लोमो, कथील एस्तान्यो, जस्त सिन्क, ॲल्युमिनियम आलुमिनियो. स्टेनलेस स्टील म्हणजे आसेरो इनोक्सिदाब्ले, न गंजणारे पोलाद. पत्रा चापा, डब्याचा कल्हईदार पत्रा ओहालाता, तार आलाम्ब्रे, नळी तूबो, स्क्रू तोर्नियो. प्लॅस्टिक प्लास्तिको, पुठ्ठा कार्तोन. रबराला गोमा किंवा काउचो म्हणतात आणि मेक्सिकोत ऊले. काउचो आणि ऊले हे दोन्ही शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले आहेत, कारण रबराचे झाडही तिथलेच. युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधी मेक्सिकोत रबराचे चेंडू खेळले जात होते.

कारखान्यातल्या तीन धातूंची नावे मात्र थांबून पाहावीत अशी आहेत, कारण त्यांच्या शोधात स्पॅनिश बोलणाऱ्यांचा वाटा आहे.

पहिला टंगस्टन. सीएनसी मशीनवर पोलाद कापणाऱ्या कार्बाइडच्या टोकांत तो असतो. हुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या भावांनी 1783 मध्ये स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या बेर्गारा इथे तो प्रथम वेगळा केला. त्यांनी त्याला वोल्फ्रामियो म्हटले. टंगस्टनसाठी रसायनशास्त्रात वापरले जाणारे ‘डब्ल्यू’ हे चिन्ह वोल्फ्राम या नावावरूनच आले आहे.

दुसरा व्हॅनेडियम. चांगल्या पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते. आन्द्रेस मानुएल देल रिओ या माद्रिदमध्ये जन्मलेल्या खनिजशास्त्रज्ञाला हा धातू 1801 मध्ये मेक्सिकोतल्या खनिजात आढळला. पण हे तर क्रोमियमच आहे, असे युरोपातल्या एका रसायनतज्ज्ञाने सांगितले आणि देल रिओने माघार घेतली. 1830 मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमने तोच धातू पुन्हा शोधला आणि नाव त्याने दिलेले टिकले. स्पॅनिशात त्याला बानादियो म्हणतात.

तिसरा प्लॅटिनम. मोटारीच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तो वापरतात. आजच्या कोलंबियातल्या नद्यांत सोने धुताना पांढरे, न वितळणारे कण सापडत. स्पॅनिश लोकांनी त्यांना प्लातिना, म्हणजे हलक्या प्रतीची, छोटी चांदी असे हिणवून नाव दिले. आन्तोनियो दे उयोआने 1748 मध्ये त्याचे वर्णन छापले. ‘हलकी चांदी’ पुढे चांदीपेक्षा कितीतरी महाग झाली.

खरी चांदी म्हणजे प्लाता आणि सोने ओरो. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच देशांत रोजच्या बोलण्यात पैशालाही प्लाताच म्हणतात. आपला रुपयाही ‘रूप्य’ म्हणजे चांदीवरून आला. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात 1545 मध्ये चांदीची प्रचंड खाण सापडली. ती चांदी स्पेनमार्गे युरोपात पसरली, आणि तिचा एक ओघ व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सुरतेला येऊन मुघल टांकसाळींत रुपयांच्या रूपाने पाडला गेला.

घरातच असलेले पाहुणे

मराठीचा स्पॅनिशशी थेट संबंध कमी, पण तिची सख्खी बहीण पोर्तुगीज आपल्या उंबऱ्यावर शतकानुशतके होती. पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतला. वसई 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी आप्पांच्या विजयापर्यंत, त्यांच्याकडे होती. 1580 ते 1640 या काळात तर स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. वढूला ज्यांची समाधी आहे, त्या संभाजी महाराजांनी 1683 मध्ये फोंड्याचा वेढा उठवून पोर्तुगीजांना गोव्याच्या दारापर्यंत रेटले होते. लढाया होत राहिल्या आणि त्याच काळात बाजारातून, बंदरातून शब्दही येत राहिले.

म्हणून पुढची जोडपी पाहा. किल्लीला आपण चावी म्हणतो. पोर्तुगीजात शावि, स्पॅनिशात याबे. दाराची बिजागरी आणि स्पॅनिश बिसाग्रा यांत फारसा फरक नाही. बांधकामावरचे घमेले पोर्तुगीज ‘गामेला’वरून आले, त्याचे स्पॅनिश भावंड गामेया म्हणजे जनावरांना खाऊपिऊ घालायची लांबट डोणी. पाण्याची बालदी म्हणजे बाल्दे. पाण्याचे पिंप म्हणजे पिपा, मुळात दारूचे लाकडी पीप. साबण म्हणजे हाबोन. अलमारी आर्मारियो, मेज मेसा. स्पॅनिश त्रोन्को म्हणजे झाडाचा बुंधा. पोर्तुगीज राजवटीत कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवून ठेवत, त्यावरून कैदखानाच ‘त्रोंकु’ झाला आणि मराठीत त्याचा तुरुंग झाला. पागार म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. महिन्याअखेरीस कामगार ज्याची वाट पाहतो तो पगार याच धातूचा.

दुसरा दुवा अरबी-फारसीचा. स्पेनचा कमीअधिक भाग 711 पासून 1492 पर्यंत मुसलमानी सत्तांखाली होता, त्यामुळे अरबीतून हजारो शब्द स्पॅनिशात आले. दख्खनमध्ये बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या काळात फारसी आणि तिच्या पोटातून अरबी मराठीत आली. ‘वढू बुद्रुक’मधला बुद्रुक हा मोठा या अर्थाच्या फारसी ‘बुजुर्ग’चा मराठी अवतार आहे. दोन भाषांनी हजारो मैल दूर राहून एकाच विहिरीतून पाणी भरले, असे म्हणता येईल.

या विहिरीतले काही पदार्थ थेट भारतातूनच निघालेले होते. कपड्यांना घालायची नीळ म्हणजे आन्यिल, संस्कृत नीलीवरून. लाख म्हणजे लाका, लाक्षेवरून. चंदन सान्दालो. आरतीचा कापूर आल्कान्फोर. हस्तिदंताला मार्फील म्हणतात. त्यातला ‘फील’ म्हणजे हत्ती, आणि तोच फील पेशव्यांच्या फीलखान्यात झुलत होता. कागदाला पापेल हा लॅटिन वंशाचा शब्द असला तरी कागद करण्याची विद्या अरबांनी तिकडे नेली. बाराव्या शतकात शातिवा गावच्या कागदाची वाखाणणी भूगोलवेत्ता इद्रिसीने केली आहे. कागदाच्या गठ्ठ्याचा अरबी ‘रिज्मा’ स्पॅनिशात रेस्मा झाला, आणि फ्रेंच-इंग्रजीमार्गे आपल्या छापखान्यात रीम होऊन आला.

वाक्य एका साच्याचे

शब्द जमले की एक साचा शिका : वस्तू, ‘दे’, पदार्थ. मेसा दे मादेरा म्हणजे लाकडाचे मेज. ओया दे बार्रो म्हणजे मातीचे मडके. तूबो दे कोब्रे म्हणजे तांब्याची नळी. मराठीत चा, ची, चे, च्या अशी रूपे बदलतात. स्पॅनिश ‘दे’ जागचा हलत नाही. शिवाय ‘बासो दे बिद्रियो’ म्हणजे काचेचा ग्लास आणि ‘बासो दे आग्वा’ म्हणजे पाण्याचा ग्लास. एकाच प्रत्ययाने पदार्थही सांगायचा आणि आतला ऐवजही, ही सोय मराठीतही आहे.

‘हे कशाचे आहे?’ असे विचारायचे असेल तर ‘दे के एस?’ उत्तर : ‘एस दे आसेरो’, पोलादाचे आहे. दोन-तीन शब्दांत पूर्ण संवाद झाला.

लिंगे दोनच : पुल्लिंगाला ‘एल’, स्त्रीलिंगाला ‘ला’. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाला एक कमीच पडते. शेवटी ‘ओ’ असेल तर बहुधा पुल्लिंग, ‘आ’ असेल तर बहुधा स्त्रीलिंग : एल येर्रो, ला मादेरा. पापेल, मेताल, कार्तोन हे पुल्लिंगी आणि काल, साल म्हणजे चुना आणि मीठ हे स्त्रीलिंगी, एवढे अपवाद पाठ करावेत.

देशानुसार शब्द बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. आपला बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ‘बाताता’वरून स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांच्यामार्फत आला, पण स्पॅनिश दुकानात बाताता मागितलात तर हातात रताळे पडेल. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता आणि लॅटिन अमेरिकेत पापा म्हणतात. बालदीला स्पेनमध्ये बहुधा कूबो म्हणतात. मोटारीच्या टायरला स्पेनमध्ये नेउमातिको, तर लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच देशांत यान्ता. म्हणून माल कोणत्या देशाला जाणार आहे ते विचारूनच खोक्यावरचा शब्द लिहावा.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत, स्पॅनिश शिकण्याची सोय आहे. स्पेन सरकारच्या इन्स्तितूतो सेर्वान्तेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे आणि तिची ‘देले’ ही प्रमाणपत्र परीक्षा जगभर मानली जाते. पण त्या पायऱ्या पुढच्या. वर्गात नाव घालण्याआधी वर दिलेल्या वर्गांतले पन्नासएक शब्द घरच्या वस्तूंना, शेतातल्या अवजारांना, कारखान्यातल्या मालाला लावून मोठ्याने म्हणत चला. खेड्यातल्या शाळेत, बारावी किंवा आयटीआयच्या वर्गात शिक्षकांनीही असा एखादा तास घ्यावा. त्याला पुस्तक लागत नाही, भोवतालच्या वस्तू पुरतात.